फटकी

शौनक शिंकला. खोटं शिंकला. खरी शिंक माणसाला वाकवते, डोळे मिटायला लावते. ही शिंक ताठ उभ्यानं, माझ्याकडे बघत, शेवटी ऐटीत सूर लांबवत आली, आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली माझ्या शेजारी उभी असलेली स्पृहा खुदकन हसली. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मी फक्त एवढंच म्हणाले होते, "लाल नको." दोन शब्द. त्यावर दोन वर्षं न ऐकलेली ती शिंक परत आली. सातवीत बंद झाली होती. मला वाटलं होतं संपली. पण ती संपली नव्हती, नुसती दबून बसली होती, त्याच्या नाकात आणि माझ्या पोटात, आणि मी लाल हा शब्द कधी उच्चारते याची वाट बघत होती. माझे कान नेहमीसारखे तापले, हात नेहमीसारखा कंपासपेटीवर घट्ट झाला, पण आत काहीतरी मुळीच नेहमीसारखं नव्हतं. आत एक मुलगी मांडी ठोकून बसली होती आणि चक्क मजा बघत होती. ती म्हणत होती, शिंक बाबा, अजून एकदा शिंक, दहा मिनिटं आहेत आपल्याकडे.

भांडण कपड्यांवरून होतं. आमच्या नव्हे, गेममधल्या आमच्या माणसांच्या. ओरिंडेल म्हणून एक गेम आहे, जगभरचे लोक इंटरनेटवरून एकाच वेळी तो खेळतात. किल्ले, ड्रॅगन, जादू, सगळं असतं. त्यात आमच्या नववीतल्या बाराजणांची एक टोळी आहे, 'एक ते चार' नावाची, कारण आमची शाळा सकाळची, आणि पुण्यातली दुकानं शटर ओढून झोपतात तेव्हा आम्ही लढायला निघतो. नाव शौनकनं ठेवलं, टोळीही त्याचीच. येत्या रविवारी गेममध्ये रंगोत्सव होता. तो वर्षातून एकदाच येतो. प्रत्येक टोळी आपल्या रंगाचे झगे घालून राजधानीच्या मोठ्या रस्त्यानं मिरवत जाते, दोन्ही बाजूंना उभे राहिलेले खेळाडू मतं देतात, आणि जी टोळी जिंकते तिचा रंग गेमच्या रंगपेटीत, बाकीच्या बिननावी चौकोनांच्या वर जाऊन बसतो, तिनं ठेवलेल्या नावानं. कायमचा! शौनकनं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं: रॉयल रेड. अडचण एकच होती. रंग कालवायचा हक्क टोळीच्या रंगाऱ्याचा, आणि टोळीची रंगारीण मी. बाकीचे तलवारी फिरवत होते तेव्हा मी सहा महिने गेममधल्या रानात मुळ्या आणि शिंपले वेचत हिंडले होते. कुणालाच नको होतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. टोळीला वर्षाला एकच रांजण रंग मिळतो, वर काठापुरती एक वाटी. त्यात कापड बुडवलं की बुडवलं, मग वर्षभर तेच अंगावर वागवायचं. आणि मी म्हणत होते लाल नको, आणि लाल का नको ते सांगायचं तर मला एक शब्द तोंडातून काढावा लागणार होता, जो मी चौथीपासून रोज शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत होते. मिरची.

माझे पप्पा मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर हमाल आहेत. बघा, किती सरळ वाक्य आहे. कर्ता, जागा, काम, क्रियापद. ते असं सरळ लिहायला मला पाच वर्षं लागली. मिरची अंगाबरोबर घरी येते. पप्पा दारातच शर्ट झटकतात, मम्मी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते, ती बादली लाल आहे आणि तिला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. चौथीत एकदा माझा गणवेश चुकून त्या बादलीत गेला. मम्मीची तेव्हा अंगणवाडीत नवी नवी नोकरी होती, घाईत तिच्या लक्षात आलं नाही. सोमवारी मी बाकावर बसले आणि पुढची शिंकली, मागचा शिंकला, मग सगळी रांग शिंकायला लागली, आणि फळ्यावर तारीख लिहिता लिहिता बाईसुद्धा. त्या शिंका खऱ्या होत्या. खऱ्या शिंकांचा मला कधीच राग आला नाही. त्यानंतर तीन वर्षं, मी वर्गात शिरले की ज्या यायच्या, त्यांचा आला. आणि मला स्वतःला मिरचीनं कधी शिंक येत नाही. गाळ्यावर नवा माणूस आला की आठ दिवस शिंकून बेजार होतो, नवव्या दिवशी थांबतो. मी तर जन्मापासून नवव्या दिवशीच आहे. हेसुद्धा मला तेव्हा व्यंगासारखं वाटायचं. मी दप्तरात पावडरचा डबा ठेवायचे. पप्पा मला शाळेत सोडायला यायचे तेव्हा फाटकापर्यंत यायचे नाहीत. मी त्यांना तसं कधी सांगितलं नाही, शपथ. ते आपसूक आधीच्या चौकात सायकल थांबवायचे आणि म्हणायचे, "जा तू म्होरं, मी जरा च्या घेतो." पप्पा चहा पीत नाहीत. हे मला त्या वेळीही माहीत होतं, आणि तरीही मी उड्या मारत फाटकाकडे जायचे, आणि आता सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभं असताना त्या उड्याच मला जास्त टोचत होत्या, शौनकच्या शिंकेपेक्षा कितीतरी जास्त.

पण गेमनं मला काय दिलं हे यांना कुणाला ठाऊक नव्हतं. माझा चुलतभाऊ सौरभ वाघोलीला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून अप्परला, डोंगराकडेच्या आमच्या वस्तीत, घरी आणून ठेवला. त्याचा पडदा पोटुशी बाईसारखा पुढे आलेला आणि किंचित पिवळा. त्यावर मी पहिल्यांदा गेमची रंगपेटी उघडली. दोनशे छपन्न चौकोन. शौनक म्हणतो लाल म्हणजे लाल. मला त्या चौकोनांमध्ये गाळा दिसला. ही ब्याडगी, सुरकुतलेली, काळपट, तिखट कमी पण रंगाची राणी. ही संकेश्वरी, लांब, विटकरीकडे झुकणारी. ही गुंटूर, चकचकीत, जरा उद्धट. ही लवंगी. मी एकटीच मोठ्यानं हसले, एवढ्या मोठ्यानं की मम्मीनं आतून विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "मम्मी, मला चौदा लाल येतात!" ती म्हणाली, "बरं झालं. गणितात किती येतात?" पण मला खरंच चौदा येत होते. लहानपणी सुट्टीत मी गाळ्यावर पोत्यांच्या थप्पीवर बसून राहायचे, तेव्हा मला वाटायचं मी नुसती बसले आहे. तेव्हा मी शिकत होते. हमाली करता करता पप्पांची नजर अशी तयार झाली आहे की माल आला की श्रीधरशेठ गादीवरून हाक मारतात, "दशरथ, बघ रे जरा." मग पप्पा पोत्यातून मूठभर वानगी काढतात, म्हणजे नमुन्याची मिरची, आणि गाळ्याच्या दाराशी जातात. आधी उन्हात बघतात. मग मागे सरून सावलीत. मग अगदी आत, पोत्यांच्या थप्पीआड, जिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो. तिन्हीकडे बघून झाल्याशिवाय बोलत नाहीत. शेठ घाई करतात, शेतकरी चुळबुळतो, पप्पा बोलत नाहीत. त्या दोन मिनिटांत अख्खा गाळा त्यांच्या तळहाताकडे बघत असतो. कितीदा बघितलं मी ते! आणि शाळेत सांगताना मात्र, पप्पा एका कंपनीत आहेत.

मागच्या रविवारी गाळा बंद होता. पप्पा घरी, बनियनवर, केस विंचरून, पंख्याखाली. मी पडद्यापुढे लालांमध्ये अडकले होते. रॉयल रेड तर शौनकनं ठरवलाच होता, मला फक्त तो कालवायचा होता, आणि हात जात नव्हता. काहीतरी खोटं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. शेवटी मी स्वयंपाकघरातून एक ब्याडगी आणली आणि पडद्याला लावून बघायला लागले. मागून पप्पा म्हणाले, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. म्हणजे आधी उडवाउडवी केली, मग सगळंच सांगितलं, गेम, टोळी, रांजण, मिरवणूक. पप्पा स्टूल ओढून बसले. पडद्याकडे त्यांनी असं बघितलं जसं आलेल्या मालाकडे बघतात, जरा मान तिरकी करून. मग म्हणाले, "हे लोक बघणार कुठं?"

"रस्त्यावर. मिरवणुकीत."

"उन्हात का सावलीत?"

बाराजणांच्या टोळीत, तीन महिन्यांच्या चर्चेत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी रंग बघितला होता तो गेममधल्या कपड्यांच्या खोलीत, जिथे चारही बाजूंनी पांढराशुभ्र उजेड असतो आणि आपलं माणूस गोल गोल फिरतं. पप्पा म्हणाले, "उन्हात काय, सगळ्याच लाल असत्यात. सावलीत घेऊन जा की."

"असं नेता येत नाही हो पप्पा, हा गेम आहे."

"वानगी देत न्हाईत व्हय?"

देतात! देतात की! रंगाऱ्याला दर रंगाची एक चिंधी फुकट मिळते, ती मी सहा महिन्यांत एकदाही वापरली नव्हती, कारण मला वाटायचं ती नवशिक्यांसाठी आहे. ओरिंडेलचा दिवस आपल्या दोन तासांचा असतो. मिरवणूक निघते तेव्हा तिथे ऊन उतरत असतं आणि ती भररस्त्यात येईपर्यंत दिवेलागण होते. मी हिशेब करून अचूक त्या वेळेला, खिशात चिंध्या घेऊन, राजधानीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आमच्या घरात भर दुपार, खिडकीत अप्परच्या डोंगराचं टक्क ऊन, आणि आत पडद्यावर हळूहळू सगळं निळं होत गेलेलं. दोन्ही बाजूंना उंच झाडं. झाडांना नारिंगी कंदील. मी रॉयल रेडची चिंधी हातात धरली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मेली. दुसरा शब्द नाही. निळ्या उजेडात तो सगळा रुबाब काळ्या चिखलासारखा झाला. मी एकेक चिंधी काढत गेले. गुंटूर गेली, संकेश्वरी गेली, माझी लाडकी ब्याडगी तर सगळ्यात आधी गेली. चौदाच्या चौदा लाल गेले. मागून पप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं, रंगपेटीच्या अगदी कडेला, एका मरतुकड्या चौकोनावर. ना गुलाबी, ना पिवळा, ना पांढरा. "ही बघ."

"ही? पप्पा, ही फटकी आहे."

फटकी म्हणजे रंग उडालेली मिरची. पावसात सापडलेली, किंवा वाळवताना बिघडलेली. बाया ती निवडून बाजूला टाकतात. तिला ढीग असतो, भाव नसतो. पप्पा म्हणाले, "फटकीच हाय. पण सांजचं गाळ्यात बल्ब लावला ना, की पोत्यात आधी हीच दिसती. म्हणून तर निवडायला सोपी. बाकीच्या आपापल्या लालीत बुडत्यात. हिच्याकडं सोताचं काय न्हाई, मग ही दिव्याचं घेती." मी चिंधी काढली, कंदिलाखाली धरली. आणि ती पेटली. निखाऱ्यावरची राख फुंकल्यावर आतून जे उजळतं ना, तसं. मी ओरडले. मम्मी लाटणं घेऊन बाहेर आली. पप्पा उठून पंख्याखाली जाऊन आडवे झाले, जसं काही झालंच नव्हतं.

तर हे सगळं माझ्या आत होतं, आणि बाहेर सायकल स्टँडवर तीच दहा मिनिटं उरली होती. मी फटकीचा चौकोन शौनकला काल संध्याकाळी पाठवला होता. त्यानं तो बघून घेतला होता, अर्थात कपड्यांच्या खोलीत. "पुसायचं फडकं दिसतंय," तो म्हणाला. स्पृहा म्हणाली, "अगं, धुताना रंग गेला का?" पुढे अगदी गोड आवाजात, "नाही म्हणजे, जुन्या कपड्यांवर भांडी देतात, तिथं चालेल." शौनक म्हणाला, "पूर्वा, तुला टोळीत घेतलं ते मुळ्या वेचायला. रंग मी बघतो. आणि तुला रंगातलं इतकं कळतं ते कुठून?" आणि मग ती शिंक. उत्तर त्याला माहीत होतं. त्याला फक्त ते मी गिळलेलं बघायचं होतं. पूर्वी मी गिळलं असतं. लाल रंग कालवून दिला असता, रविवारी चिखलाच्या रंगात बाराजणांच्या मागे चालले असते, आणि घरी पप्पांना सांगितलं असतं, नाही हो, त्यांना दुसरा आवडला. तेवढं ऐकून पप्पा म्हणाले असते, "असू दे." चौकात थांबल्यासारखे. मला एकदम ती सायकल दिसली, चौकातली, तिच्या हँडलवरचा तो जाड हात. आणि मी कंपासपेटी उघडली.

"मिरचीच्या गाळ्यावरून," मी म्हणाले. "मला रंगातलं मिरचीच्या गाळ्यावरून कळतं. माझे पप्पा हमाल आहेत तिथे, आणि अख्ख्या बाजारात रंग बघायला त्यांना बोलावतात. इकडे ये." माझा आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या तुकडीतली मुलंही वळली. कंपासपेटीत दोन मिरच्या होत्या, एक ब्याडगी, एक फटकी. त्या मी सकाळीच ठेवल्या होत्या. म्हणजे मला बोलायचंच होतं, हे मला तेव्हा कळलं. आधी मी त्यांना पत्र्याबाहेर उन्हात नेलं. ब्याडगी माणकासारखी. "हीच मस्त आहे," शौनक म्हणाला. मग मी त्याला आत ओढलं, अगदी आत, जिथे मोडक्या बाकांचा ढीग आहे आणि काळोख असतो. त्याच्या गिअरच्या सायकलला पुढे बॅटरीचा पिवळा दिवा आहे, त्याचा त्याला फार अभिमान. "लाव तुझा दिवा," मी म्हटलं. "आता सांग, आधी कुठली दिसते?" तो खाली वाकला. स्पृहा वाकली. ब्याडगी बाकाच्या काळ्या लाकडात गडप झाली होती. फटकी जळत होती. मग शौनक आणखी जवळ गेला, नाक जवळजवळ मिरचीला लावून, आणि शिंकला. खरा शिंकला! वाकून, डोळे मिटून, एकदा, दोनदा, पाचदा, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि स्पृहा "अरे, रुमाल घे ना!" म्हणता म्हणता स्वतःच शिंकायला लागली. मी सरळ उभी. मला शिंक येत नाही. नवव्या दिवशीची मी, त्या दोघांच्या मधोमध हातात पेटी धरून उभी राहिले आणि त्यांचं आटपायची वाट बघितली, घाई न करता, जशी वाट बघायची असते तशी. घंटा झाली तेव्हा शौनक नाक पुसत म्हणाला, "आणि हरलो तर?" मी म्हटलं, "हरलो तर वर्षभर पुसायचं फडकं. मीपण." तो म्हणाला, "कालव मग. पण काठ तरी लाल ठेव, माझे आई." काठ मी ब्याडगीचा ठेवणारच होते. काळा पडला म्हणजे आतली फटकी अजून उठून दिसते.

रविवारी दुपारी रांजणात कापड बुडवायचं बटण दाबण्याआधी मात्र मी चिंधी आणखी एकदा काढून बघितली, खोटं कशाला बोलू. बाराही झगे एकदम फिकुटले. टोळीच्या गप्पांच्या चौकटीत कुणीतरी लिहिलं, 'संपलो.' आमच्या पुढे एक टोळी लाल होती, तिच्या पुढे एक लाल, मागे दोन जांभळ्या आणि एक सोनेरी. आम्ही त्यांच्यात भिकाऱ्यांसारखे दिसत होतो. ऊन उतरायला लागलं. पहिलं झाड आलं. पुढची लाल टोळी झाडाखाली गेली आणि विझली. अख्खी टोळी विझली, नुसते चेहरे चालताहेत असं दिसायला लागलं. मग आम्ही गेलो. आणि पहिल्या कंदिलाखाली शौनक पेटला, दुसऱ्याखाली स्पृहा, मग ओळीनं एकेक, बारा निखारे, काळ्या काठांचे, आणि सगळ्यात शेवटी मी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक आपापल्या भाषेत काय काय लिहायला लागले. मतांचा आकडा असा चढला की माझ्या कॉम्प्युटरला तो झेपेना, पडदा मधेच थिजायचा आणि एकदम पुढे उडी मारायचा. घरातला फोन वाजला. पलीकडून शौनक नुसता किंचाळत होता. शब्द नव्हताच, मग एक शब्द आला, "नाव! नाव टाक! रंगाऱ्यालाच टाकता येतं!" मी विचारलं, "रॉयल रेड?" तो म्हणाला, "गप ए. टाक तुझं."

पडद्यावर एक रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ. मी हाक मारली, "पप्पा, या ना." ते आले, पंच्याला हात पुसत, स्टुलावर बसले. मी रोमन अक्षरं एकेक करून दाबली. पप्पांना इंग्रजी नीट येत नाही, ते अक्षरं जोडत वाचतात. "फ... ट... की," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. तिथे खाली ओळीमागून ओळ येत होती, कुठल्या कुठल्या देशांतले लोक विचारत होते, हा रंग आम्हाला कुठे मिळेल, आणि प्रत्येक ओळीत ते नाव होतं.

"हे सगळे फटकी मागत्यात?"

"हो पप्पा."

"शेठला बोलू नको," पप्पा म्हणाले. "उद्यापास्नं भाव चढवंल."

आणि मग त्यांनी उजवा तळहात पुढे केला, पडद्याच्या अगदी जवळ, वानगी धरतात तसा. निखाऱ्यांचा तो उजेड त्यांच्या हातावर पडला, बोटांच्या घट्ट्यांवर, भेगांमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या लालीवर. मी घाई केली नाही. बघून होऊ दिलं. मग मी म्हटलं, "उद्या मला सोडायला याल? फाटकापर्यंत?"

पप्पांनी हात मागे घेतला. "सायकलीत हवा भराया पायजे," ते म्हणाले, आणि पंप शोधायला उठले.